आत्याच्या स्टीलच्या ओट्याला गंज का आला: सुदामा नगरमधलं एक प्रकरण

मी इंदूरजवळ पीथमपूरला एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात क्वालिटीत आहे, औषध कंपन्यांसाठी स्टीलच्या टाक्या बनतात आमच्याकडे, त्यामुळे नात्यात कोणाच्या डब्याला डाग पडला तरी फोन मलाच येतो. बहुतेक वेळा दोन मिनिटांत विषय संपतो. हे प्रकरण मात्र तीन रविवार चाललं आणि त्यात माझाच पहिला अंदाज साफ आपटला, म्हणून सगळं नीट लिहून ठेवतोय.

तर आत्याचं इंदूरला सुदामा नगरात जुनं घर आहे. दिवाळीनंतर तिनं स्वयंपाकघर नवं करून घेतलं, काळ्या कडाप्प्याचा ओटा काढून पूर्ण स्टीलचा ओटा बसवला, आठ फूट लांब, १.२ मिलिमीटर जाडीची शीट (दुकानात १८ गेज म्हणतात, आणि हे उलटं असतं बरं का, गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ), मॅट फिनिश, सिंक त्यातच वेल्ड केलेलं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात काम संपलं. मार्चच्या सुरुवातीला आत्याचा फोन, "अरे, माझा ओटा गंजला रे." काकांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, तोवर फ्रिजवरचं लोहचुंबक काढून सिंकच्या कोपऱ्याला लावून बघितलं होतं, ते किंचित ओढलं गेलं, झालं, काकांचा निकाल लागला की ओटा बनवणाऱ्या ठेकेदारानं नकली स्टील लावलं. त्याचे शेवटचे सहा हजार द्यायचे होते ते त्यांनी अडवून धरले.

आणि मी काय केलं, तर फोनवरच म्हणालो, "काका, २०२ असणार, पैसे देऊ नका." २०२ म्हणजे स्टेनलेसची स्वस्तातली ग्रेड. आणि हे न बघता. कारखान्यात कोणी असं केलं तर मी त्याला धरून झापतो.

पहिल्या रविवारी गेलो. जाताना एक छोटा टॉर्च, भिंग आणि वहीचा कागद एवढंच नेलं होतं. स्टीलवरचा डाग वरून बघायचा नसतो, टॉर्च ओट्याला जवळजवळ आडवा धरून तिरक्या उजेडात बघायचा, मग कुठला डाग वर बसलाय आणि कुठला आत गेलाय ते कळतं. बोटानंही कळतं, डोळे मिटून हात फिरवला की वर चिकटलेला कण टोचतो आणि खड्डा असेल तर नख अडकतं. आत्याला वाटलं मी नाटकं करतोय. पण अर्ध्या तासात एवढं नक्की झालं की "गंज" म्हणून ती जे एकच दाखवत होती ते चार वेगवेगळे प्रकार होते.

पहिला प्रकार म्हणजे ओट्यावर विखुरलेले नारिंगी ठिपके, मोहरीच्या अर्ध्याएवढे, हाताला खरखरीत. मी कागदावर ओट्याचं चित्र काढून ठिपके मांडले तर मजा दिसली: खिडकीकडे दाट, शेगडीकडे विरळ आणि फ्रिजच्या बाजूला एकही नाही. स्टीलच खराब असतं तर त्याला खिडकी कुठे आहे हे कसं कळणार? मी विचारलं, खिडकीत काय काम झालं? तर म्हणे जाळी बसवली की, माकडं येतात म्हणून, लोखंडी अँगल तिथंच कटरनं कापले. कधी? संक्रांतीनंतर. आणि ओट्यावरची प्लॅस्टिकची फिल्म कधी काढली? इथं आत्या जरा थांबली. फिल्म संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काढली होती. बायका येणार, नवा ओटा दाखवायचा, तर फिल्म लावून कसा दाखवणार? म्हणजे हळदीकुंकू झालं, ओटा उघडा पडला, चार दिवसांनी जाळीवाला आला आणि कटरच्या ठिणग्या सरळ ओट्यावर.

ठिणगी म्हणजे काय, तर लोखंडाचा तापून लाल झालेला कण. तो गार स्टीलवर पडतो आणि चिकटून बसतो, नुसत्या फडक्यानं निघत नाही. मग दमट हवेत तो कण गंजतो, स्टील नाही. दिसायला मात्र ओटा गंजल्यासारखाच दिसतो. याचा पुरावा शेगडीमागे सापडला, तिथली चार इंचांची फिल्मची पट्टी काढायची राहून गेली होती, ती खिडकीच्या बरोब्बर समोर होती, सोलली तर खाली आरशासारखं स्वच्छ. (फिल्म फार दिवस ठेवूनही चालत नाही, शेगडीच्या उष्णतेनं गोंद कडक होतो आणि मग रॉकेलनं खरवडत बसा. पण मिस्त्री, रंगारी, जाळीवाला सगळे घराबाहेर जाईपर्यंत ती राहिलीच पाहिजे.)

लोखंडाचे कण यायला कटरच लागतो असं नाही. तारेच्या घासणीचे तुटके धागे, रात्रभर सिंकमध्ये ओला पडलेला लोखंडी तवा, यांचंही तेच. आत्याच्या सिंकमध्ये कढईच्या बुडाएवढं एक तपकिरी कडं होतं, ते कढईचंच होतं.

दुसरा प्रकार सिंकच्या खाली. कपाटाचं दार उघडलं आणि नाकाला झोंबलं. बिजागऱ्या लालभडक, सिंकची खालची बाजू तपकिरी धुरकट, आणि ट्रॉलीच्या जाळीच्या तारा तर अशा गंजलेल्या की बोटाला भुगा लागत होता. कोपऱ्यात एक प्लॅस्टिकची बाटली, झाकण अर्धवट. टाइल्स बसवणाऱ्यानं सिमेंटचे डाग काढायला तेजाब आणलं होतं, जाताना "आंटीजी, बाथरूम में काम आएगा" म्हणून उरलेलं देऊन गेला आणि आत्या काहीही टाकत नाही, रिकामी श्रीखंडाची डबीसुद्धा नाही, तर आख्खी तेजाबाची बाटली कशी टाकेल. तेजाब म्हणजे हायड्रोक्लोरिक अॅसिड. त्याची वाफ झाकणातून निघते, बंद कपाटात ओलसर हवेत मिसळून धातूवर बसते, आणि स्टेनलेस स्टीलचा सगळ्यात मोठा शत्रू हाच, क्लोराइड. आमच्या कारखान्यात ही बाटली शॉपफ्लोअरवर दिसली तर माणसाला घरी पाठवतात.

त्याच बाटलीला खेटून कपडे पांढरे करायच्या ब्लीचची बाटली होती. कामाला येणाऱ्या ताई आठवड्यातून एकदा रात्री सिंकमध्ये ब्लीच ओतून ठेवायच्या, सकाळी सिंक चकाचक दिसायचं, म्हणून आत्याही खूश. ब्लीचमध्येही क्लोरीनच, रात्रभर ठेवलं की तेही स्टील खातं. पण त्याहून मोठी भीती वेगळी आहे, ब्लीच आणि तेजाब एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, तो छातीत गेला तर दवाखानाच. दोन्ही बाटल्या मी तिथल्या तिथे वेगवेगळ्या करून बाहेर काढल्या आणि काकांना हे दोनदा सांगितलं, कारण स्वच्छतेच्या बाबतीत काकांचा स्वभाव "दोन्ही टाकू, लवकर निघेल" असा आहे.

तिसरा प्रकार गंज नव्हताच. नळाच्या बुडाशी आणि ओट्याच्या मागच्या कडेला पांढरट, खडूसारखा थर. इंदूरला नर्मदेचं पाणी १९७८ पासून आहे, जलूदहून सत्तरेक किलोमीटरवरून चढवून आणतात, पण ते येतं एक दिवसाआड, मधल्या दिवशी बोअरिंगवर भागतं, आणि बोअरिंगचं पाणी जड. थेंब वाळला की क्षार राहतो. आत्या तो चाकूनं खरवडत होती, त्यामुळे नळाजवळ चरेही पडले होते. लिंबाची अर्धी फोड पाच मिनिटं घासली आणि निघाला, त्यावर जास्त काही बोलण्यासारखं नाही.

चौथ्याकडे शेवटी येतो.

पण काकांचा मुद्दा चुंबकाचा होता आणि त्यांना उत्तर हवं होतं. स्टेनलेस म्हणजे ज्या पोलादात क्रोमियम निदान साडेदहा टक्के आहे ते. हे क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून वर एक पारदर्शक पापुद्रा बनवतं, जेमतेम दोन-चार नॅनोमीटर जाड, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचे दहा हजार भाग केले तर त्यातल्या एकाएवढा, बहुतेकदा त्याहूनही कमी. चरा पडला तर स्वच्छ हवेत तो आपोआप परत बनतो. हाच काय तो स्टेनलेसचा चमत्कार. त्यात ग्रेड असतात. ३०४ ही चांगली ग्रेड, तिच्यात क्रोमियम साधारण अठरा टक्के आणि निकेल आठ टक्के, म्हणून डब्यांवर १८/८ लिहितात. निकेल महाग, म्हणून २०० सीरीजमध्ये ते कमी करून मँगनीज घालतात, २०२ मध्ये निकेल चार ते सहा टक्के, आणि आपल्याकडे जे४ म्हणून जे मिळतं त्यात एक टक्क्याच्या आसपास. आता गंमत अशी की ३०४ ला चुंबक चिकटत नाही आणि २०२ लाही चिकटत नाही, जे४ लाही नाही. त्यामुळे चुंबकानं हे दोन्ही वेगळे करताच येत नाहीत. चिकटतं ते ४३० ग्रेडला, ज्यात निकेल नसतं. आणि चांगल्या ३०४ ची शीट प्रेसखाली दाबून खोल सिंक काढलं की कोपऱ्यात जिथं पत्रा सगळ्यात जास्त ताणला जातो तिथं त्याची आतली रचना बदलते आणि चुंबक किंचित ओढलं जातं. म्हणजे काकांनी ज्या कोपऱ्यावरून निकाल दिला तो कोपरा उलट साक्षीदार होता.

तरी तोंडी कशाला. नळासाठी भोक पाडताना निघालेली स्टीलची चकती आत्यानं जपून ठेवली होती (हो, तीसुद्धा), ती आणि ट्रॉलीच्या तारेचा एक तुकडा मी सोमवारी कारखान्यात नेला. आमच्याकडे एक हातात धरायचं यंत्र आहे, पिस्तुलासारखं, धातूवर टेकवून घोडा दाबला की काही सेकंदांत आतलं मिश्रण सांगतं. चकती: क्रोमियम अठराच्या वर, निकेल आठच्या वर. चोख ३०४. तार: निकेल एकच्या जवळपास, मँगनीज नऊच्या जवळ. म्हणजे ओटा बनवणाऱ्यानं जे सांगितलं तेच लावलं होतं आणि कमी निकेलची तार निघाली ट्रॉलीत, जी दुसऱ्याच माणसाकडून घेतली होती. त्यालाही मी नकली म्हणणार नाही. २०० सीरीजचे डबे, ताटं आपल्या सगळ्यांच्या घरी आहेत आणि वर्षानुवर्षं टिकतात, कारण आपण ती धुऊन, पुसून, पालथी घालून वाळवतो. तेजाबाच्या वाफेत बंद करून ठेवली तर कोण टिकेल. ३०४ ही धुरकटलं होतंच की.

ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांनी काय करायचं? बर्तन बाजारात जुने दुकानदार एक केमिकल आणि छोटी बॅटरी ठेवतात, थेंब टाकून बॅटरीची तार लावली की २०० सीरीजवर लाल रंग येतो, ३०४ वर तसा येत नाही. घेताना ते करून मागायचं, आणि बिलावर ग्रेड लिहून घ्यायची. बिल नसेल तर मग भांडण फक्त आवाजावर चालतं.

दुसऱ्या रविवारी साफसफाई. आत्याला वाटत होतं मी काही जालीम आणणार, मी किराणावाल्याकडून टाटरी आणली. सायट्रिक अॅसिड, सरबतात घालतात तेच. कारखान्यात आम्ही टाक्यांनाही आता बऱ्याचदा सायट्रिकच वापरतो, ते लोखंडाचे कण विरघळवतं आणि क्रोमियमला हात लावत नाही. पहिलं नुसत्या पाण्यानं आणि भांड्यांच्या साबणानं सगळं धुतलं, तेलाचा हात निघाल्याशिवाय पुढचं काही काम करत नाही. मग एक लिटर कोमट पाण्यात शंभर ग्रॅम टाटरी, त्यात किचन पेपर भिजवून ठिपक्यांवर अंथरला, वर प्लॅस्टिकची पिशवी कापून झाकली म्हणजे वाळणार नाही, आणि अर्धा तास गप्पा. हातमोजे घातले होते, कापलेल्या बोटाला झोंबतं. बाजूची खिडकीची चौकट मार्बलची आहे तिथं आधीच टॉवेल गुंडाळला, कारण मार्बलवर किंवा कोटा फरशीवर अॅसिड पडलं, लिंबाचं का असेना, तर चमक गेलीच.

मग नायलॉनची घासणी, आणि इथं एक गोष्ट मी आत्याला हात धरून दाखवली. मॅट स्टीलवर बारीक रेषा असतात, तिच्या ओट्यावर डावीकडून उजवीकडे. हात त्याच दिशेनं चालवायचा. ताई गोल गोल घासत होत्या, पितळेचा तांब्या घासतात तसं, आणि उजेडात ओटाभर चकल्या उमटलेल्या दिसत होत्या. त्या गेल्या नाहीत, पण रेषेच्या दिशेनं घासत राहिलं की हळूहळू कमी दिसतात. शेवटी खायच्या सोड्याचं पाणी फिरवलं म्हणजे राहिलेलं आंबट मरतं, भरपूर पाण्यानं धुतलं आणि काकांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यानं कोरडं केलं. मायक्रोफायबर वगैरे आहे घरात, पण धोतर ते धोतर.

निघालं की नाही हे कसं ठरवायचं? रात्री ओट्यावर ओला पांढरा कागद पसरून ठेवायचा, वर परत पिशवी. लोखंडाचा कण राहिला असेल तर सकाळी कागदावर नारिंगी ठिपका. आत्यानं सोमवारी सकाळी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला, सहा ठिपके, सगळे खिडकीजवळ. तेवढ्याच जागी परत टाटरी लावायला सांगितली. गुरुवारी एक. शनिवारी कागद कोरा, सोबत आत्याचा हात जोडलेला इमोजी आणि "सरबताचं सामान संपवलंस माझं".

कपाटातली ट्रॉली बदलावीच लागली, बिजागऱ्याही. सिंकची खालची बाजू टाटरीनं उजळली, अगदी नवी नाही पण थांबली.

आता चौथा. तिसऱ्या रविवारी सगळं चकचकीत झालं तेव्हा तो उलट जास्त दिसायला लागला. ओट्याच्या आतल्या कोपऱ्यात एक अर्धवर्तुळ, त्यावर काळे बारीक ठिपके, टाचणीच्या टोकाएवढे, मोजले तर सात. हे वर बसलेले नव्हते. नख अडकत होतं. टाटरी दोनदा लावली, भोवतीचा तपकिरी रंग गेला, भोकं तशीच. हे खरं स्टीलला लागलेलं होतं, आणि मला कारण सापडेना. ठिणग्या म्हणाव्या तर हा कोपरा खिडकीपासून लांब, वाफ म्हणावी तर ती खाली. मी बसून आत्याला प्रश्न विचारत होतो, इथं मिक्सर असतो का, इथं कोणी ब्लीचचं फडकं ठेवतं का. ती म्हणाली इथं काहीच नसतं. रविवारी खरंच काही नव्हतं, मी येणार म्हणून ती ओटा रिकामा करून ठेवायची.

त्याच दिवशी ओटा बनवणारा आला, काकांनीच फोन करून बोलावलं होतं. चकतीचा निकाल कळल्यापासून काका जरा गप्पच होते, पण चुकलं ते चुकलं म्हणून पैसे पाकिटात घालून तयार. त्यानं पैसे मोजायच्या आधी ओटा बघितला, वाकून त्या कोपऱ्यावरून नख फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि म्हणाला, "आंटीजी, यहाँ अचार की बरनी रखते हो ना?"

आत्या आतल्या खोलीतून बरणी घेऊन आली. चिनी मातीची, जुनी, थंडीत घातलेलं लिंबाचं लोणचं. दर रविवारी ती बरणी माझ्यासाठी जागा करायला उचलून आत ठेवत होती. तळाची कडा खरखरीत, चमक नसलेली, आणि बाहेरून ओघळलेला खार वाळून पांढरा झालेला. ती कोपऱ्यात ठेवली तर तळाचं वर्तुळ त्या अर्धवर्तुळावर बरोब्बर बसलं. मीठ, लिंबाचा रस आणि बुडाखाली हवा नाही, याहून वाईट जागा स्टीलला नसते. हवा नाही म्हणजे पापुद्रा परत बनत नाही, एका बिंदूला तो फुटला की त्या भोकात मिठाचं क्लोराइड गोळा होतं, आतलं पाणी आणखी आंबट होतं आणि भोक स्वतःच स्वतःला खोल करत जातं. म्हणून मी सांगत असतो की थंड पाण्याच्या पातेल्यात मीठ टाकून तसंच ठेवू नका, उकळी आल्यावर टाका आणि ढवळा, तळाशी बसलेले मिठाचे खडे असेच पांढरे डाग पाडतात. हे मला पाठ आहे आणि तीन रविवार मला लोणचं सुचलं नाही.

भोकं भरून येत नाहीत. आतला खार धुऊन काढला, टाटरीचा बोळा ठेवला, मग साधं पाणी, मग कोरडं, म्हणजे निदान वाढणार नाहीत. बरणी आता लाकडी पाटावर बसते.

काकांनी त्याला सहा हजार दिले, चहा झाला. तो जाताना आत्या म्हणाली लोणचं घेऊन जा, आणि स्टीलच्या डब्यात भरायला लागली. तर तो म्हणाला, "आंटीजी, काँच की शीशी में दे दो."